गाण्याचा सातबारा

भाऊबीज उरकली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. आज एका गावची, उद्या शेजारच्या गावची. धान बांधीत उभा असतो किंवा खळ्यावर येऊन पडलेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात आणि चौकात खडी गंमत हे लोकनाट्य रंगलेलं असतं. सगळा मामला उभ्याउभ्याचा. शाहीर डफावर थाप टाकून कडवं सोडतो, झीलकरी ते झेलून वर नेतात, तुणतुणं मागून धरून ठेवतं. शेवटच्या कडव्यात शाहीर गुरूचं आणि स्वतःचं नाव गुंफतो, मग गाणं थांबतं.

ही नाममुद्रा नुसती मिरवायची गोष्ट नव्हे. कागद नसलेल्या जगात गाण्यावर हक्क सांगायची ती सोय होती, आणि तीही गाण्याच्या आतच बसवलेली. नाव काढायला जाल तर यमक मोडतं. (मात्रा जुळणारं दुसरं नाव घुसवणारे महाभाग असतातच, म्हणा.) लोककवी वामनदादा कर्डक मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांची गाणी ‘वामन’ या नावासकट महाराष्ट्रभर फिरली. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब ज्या भंडाऱ्यातून लोकसभेला उभे होते, त्या मुलखात भीमगीतांचा गायक आणि श्रोता शोधावा लागत नाही. गाणं ऐकणाऱ्याला कवीचं गाव ठाऊक नसेल, पण नाव शेवटच्या ओळीत मिळतंच.

आता याच गाण्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या नजरेनं पाहा. चौकातला माणूस म्हणेल, गाणं एक, मालक एक. कायदा मात्र गाण्याचा सातबारा काढतो, आणि त्यावर एका गटात चार खातेदार निघतात. शब्द ही साहित्यकृती, ती गीतकाराची. चाल ही संगीतकृती, ती चाल बांधणाऱ्याची. कायद्यातल्या संगीतात शब्द धरतच नाहीत. ध्वनिमुद्रण ही तिसरी वस्तू, ते करायला पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याची. आणि ज्यानं ते गायलं, त्याच्या गळ्याचा चौथा हक्क, ज्याला कायदा कलावंताचा हक्क म्हणतो. फरक इतकाच की जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे जावं लागतं; इथं सरकारदरबारी नोंद ऐच्छिक आहे. कृती जन्मली की हक्क जन्मला.

आपला शाहीर बहुधा एकटाच यातली तीन-चार खाती सांभाळून असतो. आणि चाल परंपरेची असेल तर? मग चालीचं खातं मोकळं, ती सगळ्यांची. शाहिराची मालकी फक्त त्यानं रचलेल्या शब्दांवर आणि गायनावर. म्हणजे एकाच ओळीत, एकाच श्वासात, निम्मं सार्वजनिक आणि निम्मं खासगी असतं.

या सगळ्यात मला थक्क करणारी गोष्ट व्याख्येतली आहे. १९५७ च्या मूळ कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहून काढलेली किंवा अन्य प्रकारे रेखाटलेली स्वररचना. स्वरलिपी येत असेल तर तुम्ही संगीतकार! गळ्यातली चाल, जी झीलकऱ्यांना शंभरदा गाऊन शिकवली, ती या व्याख्येत बसत नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीनं ही अट काढली आणि ती दुरुस्ती मे १९९५ मध्ये लागू झाली. म्हणजे देशातल्या बहुतेक लोकसंगीतकारांची चाल कायद्याच्या पुस्तकात ‘संगीत’ ठरायला जवळजवळ चार दशकं गेली. वामनदादांचा जन्म १९२२ चा; तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. कलावंताचा हक्कही त्याच दुरुस्तीनं आला. त्याआधी गाणाऱ्या गळ्याला कायद्यात स्वतंत्र जागाच नव्हती.

आज मंडईत गाणं सुरू झालं की पहिल्या रांगेतले पाच-पंचवीस मोबाइल वर होतात. एखादा पोरगा तेच चित्रण रात्री यूट्यूबवर चढवतो. बटण त्यानं दाबलं, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा निर्माता तोच का? सकृद्दर्शनी होय. पण कलम १३ मध्ये एक बारीक पाचर मारलेली आहे: मुळातल्या शब्दांचा किंवा चालीचा हक्क मोडून केलेल्या ध्वनिमुद्रणाला कॉपीराइट मिळतच नाही. शिवाय गाणाऱ्याला न विचारता त्याचं गाणं मुद्रित करणं हा त्याच्या हक्काचा भंग. याचा अर्थ शाहिरानं पोरावर दावा ठोकावा असा नाही. गाणं पसरतंय यात त्याला आनंदच असतो. पण त्याच चित्रणाचा आवाज उचलून उद्या कुणी जाहिरातीला लावला, तर बोलायची जागा शाहिराची आहे, पोराची नाही.

यूट्यूबवर गाणं ओळखतं कोण, हेही गमतीचं आहे. यंत्र आवाजाचं चित्र करतं: कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या किती जोरात. त्यातल्या ठळक खुणा काढून ते अंगठ्याचा ठसा तयार करतं आणि आधी जमा असलेल्या ठशांशी ताडून पाहतं. चालीशी चाल जुळवायचीही त्याची सोय आहे. परंपरेची चाल घेऊन एखाद्या कंपनीनं आधी गाणं काढलेलं असेल, तर त्याच चालीवर आपल्या शब्दांत गाणाऱ्या शाहिराच्या चित्रफितीवर दुसऱ्याचा दावा येऊन बसू शकतो. तुणतुण्याची तार पणजोबाची होती हे यंत्राला कोण सांगणार? दाव्यावर हरकत घेता येते, पण ती घ्यायची असते हे माहीत असावं लागतं.

पैसा मुख्यतः बिदागीचा, हे भंडाऱ्यात काय नि मुंबईत काय, सारखंच. बाकी पैसा परवान्यांतून थेंबथेंब येतो. चित्रपटाला गाणं हवं असेल तर परवानग्या दोन: शब्द-चालीच्या मालकाची एक, ध्वनिमुद्रणाच्या मालकाची दुसरी. मुद्रण शाहिरानं स्वखर्चानं केलेलं असेल तर दोन्ही सह्या त्याच्याच. स्वतंत्र कलाकाराच्या स्वातंत्र्याचा खरा अर्थ मला इथं दिसतो. रेडिओ, हॉटेल, तिकिटाचे कार्यक्रम यांतून गीतकार-संगीतकारांचा वाटा गोळा करण्यासाठी १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्याला मात्र कायद्यानंच माफी दिली आहे. भीमगीतांवर अख्खी रात्र नाचलेली वरात कवीला दमडीही देणं लागत नाही.

मोबाइलवरच्या ॲपांत गाणं जायचं तर प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक लागतो: देश, नोंदणीदार, वर्ष, अनुक्रम. शब्द-चालीसाठी वेगळा आयएसडब्ल्यूसी. भंडाऱ्याकडच्या लाखांदूरच्या चौकातल्या गाण्याला जगातल्या कुठल्याही गाण्याइतकाच लांब क्रमांक मिळतो. शेवटच्या कडव्यातलं नाव यंत्र वाचत नाही, हा क्रमांक वाचतं. तो भरताना गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ असं लिहून टाकलं, की शाहीर पुसला गेला.

बंगालात तेच घडलं. बीरभूमच्या रतन काहारांनी १९७२ मध्ये एक गाणं रचलं, १९७६ मध्ये दुसऱ्या गायिकेच्या आवाजात ते गाजलं, आणि पुढे ‘लोकगीत’ म्हणून वावरू लागलं. २०२० मध्ये रॅपर बादशाहच्या ‘गेंदा फूल’मध्ये त्याच्या ओळी आल्या, तेव्हाही सुरुवातीच्या श्रेयात काहारांचं नाव नव्हतं. समाजमाध्यमांवर आरडाओरड झाल्यावर बादशाहनं त्यांना ५ लाख रुपये पाठवले. गाण्याचा कर्ता हयात होता, त्याच जिल्ह्यात राहत होता. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

एकरकमी पैसे घेऊन गाणं देऊन टाकायची कॅसेटकाळातली रीत २०१२ च्या दुरुस्तीनं बरीचशी निकामी केली. त्या वेळी राज्यसभेत जावेद अख्तर गीतकारांची बाजू मांडत होते. आता हक्क दिला तरी रॉयल्टीतला समान वाटा लिहून देता येत नाही. करारात तसं कलम घातलं तरी ते रद्दबातल. करार लेखीच हवा. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. छापील फॉर्मवर सही करणाऱ्याला या रिकाम्या जागा त्याच्याच बाजूच्या आहेत, हे बहुधा कुणी सांगत नाही.

आणखी एक कलम ३१सी. प्रसिद्ध गाणं पाच कॅलेंडर वर्षांनंतर दुसऱ्यानं नव्यानं मुद्रित करायचं तर मूळ मालकाला सूचना द्यायची आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी मोजायची. पण एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या कृतींचा खप ध्यानात घेऊन हा आकडा कमी ठरवण्याची मुभाही तिथंच आहे. ‘बोली’ असा स्पष्ट उल्लेख! कायदा लिहिणाऱ्याच्या मनात इकडची झाडीबोली नसणार, पण झाडीबोलीतलं गाणं त्या वाक्यात चपखल बसतं.

खात्यांच्या मुदतीही वेगवेगळ्या. शब्द आणि चाल कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षं, गळा ५० वर्षं. मोजणी पुढच्या जानेवारीपासून. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यांचं एखादं गाणं दुसऱ्या गायकानं १९८५ च्या कॅसेटमध्ये गायलेलं असेल, तर ते मुद्रण २०४५ अखेर मोकळं होईल. शब्द मात्र ३१ डिसेंबर २०६४ पर्यंत त्यांच्या वारसांचे, किंवा ज्यांना रीतसर लिहून दिले असतील त्यांचे.