उजेडावर चालणारा वायू-सेन्सर

नेहमीचा सेन्सर : टिन ऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइडचा थर. वायूचे रेणू चिकटले की त्याचा विद्युतरोध बदलतो. त्यासाठी थर साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. अशा सेन्सरसाठी जपानच्या नाओयोशी तागुची यांचा पेटंट-अर्ज 1962 चा.

प्रकाशाचे काम : थरातले इलेक्ट्रॉन मोकळे करणे, चिकटलेले रेणू सुटायला मदत करणे. हीटरची गरज घटते, वीज वाचते. ज्वालाग्राही वायूंजवळ हे फार मोलाचे.

अडचण : झिंक ऑक्साइडला सुमारे 3.3 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे अतिनील किरण. दृश्य प्रकाशाची (400 ते 700 नॅनोमीटर) ऊर्जा 1.8 ते 3.1 एवढीच.

तोडगा : सोन्याचे नॅनोकण, रंगद्रव्य किंवा कॅडमियम सल्फाइडची (याला 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात) जोड. मग निळा एलईडीही पुरतो.

हवेतल्या दमटपणाचा परिणाम मात्र राहतोच.