गोजिराची गर्जना आणि एक गाणें

भीति ही मनुष्याची फार जुनी सोबतीण आहे. जी भीति उघडपणें बोलून दाखविण्यास जीभ धजत नाहीं, तिला तो एखादें रूप देतो आणि मग त्या रूपाच्या गोष्टी सांगतो. असाच एक राक्षस विसाव्या शतकांत बोलपटाच्या पडद्यावर जन्मास आला आणि पुढें एका गाण्यांत शिरला. त्याची हकीकत मनोरंजक तशीच बोधप्रद असल्यामुळें ती आम्ही आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

या राक्षसाचें मूळ जपानी नांव 'गोजिरा'. 'गोरिला' आणि जपानी भाषेंतील 'कुजिरा', म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या मिलाफानें तें बनलें. जगांत मात्र 'गॉडझिला' हें रूप रूढ झालें. तोहो कंपनीचा व इशिरो होंडा यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट ता. ३ नोव्हेंबर १९५४ रोजीं जपानभर प्रदर्शित झाला. समुद्राच्या तळाशीं राहणारा एक पुराणकालीन प्राणी हायड्रोजन बाँबच्या स्फोटांनीं खवळून वर येतो आणि टोकिओ शहर तुडवितो, अशी त्याची कथा आहे. कथेंतील हा प्राणी ५० मीटर उंच. वस्तुतः हारुओ नाकाजिमा नांवाचा नट अवजड पोषाख चढवून घरांच्या लहान लहान प्रतिकृतींमधून चालत असे.

ही कल्पना आकाशांतून पडली नव्हती. १९४५ च्या ऑगस्टांत हिरोशिमा व नागासाकी हीं शहरें अणुबाँबनें उद्ध्वस्त झालीं होतीं. पुढें ता. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. त्या वेळीं 'दाइगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सर्गी राख पडली. नौकेवरील सर्व २३ खलाशी आजारी पडले आणि बिनतारी यंत्र चालविणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरांत मृत्यु पावले. त्यानंतर अवघ्या कांहीं आठवड्यांनीं लोकांनीं तो बोलपट पाहिला. पडद्यावरील जळतें शहर त्यांस निव्वळ करमणूक कशी वाटावी?

आतां गाण्याकडे वळूं. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथें उदयास आलेल्या 'ब्लू ऑयस्टर कल्ट' या वाद्यवृंदानें १९७७ सालीं 'स्पेक्टर्स' या ध्वनिमुद्रिकासंग्रहांत 'गॉडझिला' हें गीत प्रसिद्ध केलें. तें बक धर्मा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या डोनाल्ड रोझर यांनीं रचिलें. हें गीत 'हार्ड रॉक' या प्रकारांतील होय. त्यांत विजेच्या गिटारीवर एक छोटी, जड स्वरावली पुनःपुन्हा वाजते आणि ढोल तिला साथ देतात. ऐकतांना एखादें प्रचंड पाऊल पडत असल्याचा भास होतो.

हा खरखरीत नाद निघतो कसा? विजेच्या गिटारीच्या पोलादी तारांखालीं चुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. तार कांपली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्यास मोठा करितो. ध्वनिवर्धकास पेलवेल त्याहून अधिक जोर दिला, तर ध्वनिलहरींचीं शिखरें छाटलीं जातात. त्यामुळें मूळ स्वरांत नवे उपस्वर मिसळून तो घोगरा होतो. आश्चर्य हें कीं बोलपटांतील गर्जनाहि तारेचीच होती! संगीतकार आकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेनुसार कंत्राबास या भल्या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढून ती काढण्यांत आली.

गाण्यांत विनोद पुष्कळ आहे. मध्येंच जपानी भाषेंत धोक्याची सूचनाहि ऐकूं येते. मग एका राष्ट्राच्या दुःखाची ही थट्टा झाली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९५६ सालीं अमेरिकेंत दाखविलेल्या आवृत्तींतून अणुस्फोटांविषयींचा बराच मजकूर गाळण्यांत आला होता. तरीहि त्याच देशांतील या गीतानें शेवटीं मनुष्याच्या मूर्खपणाकडे व त्यास निसर्गाकडून मिळणाऱ्या धड्याकडे बोट दाखविलेंच. थट्टेच्या आडून आलेलें सत्य कधीं कधीं अधिक दूर जातें. २०१९ च्या एका गॉडझिलापटासाठीं सर्ज टँकियन यांनीं हेंच गीत पुन्हा गाइलें, इतकें तें टिकलें.

मूळ बोलपटांतील शास्त्रज्ञ सेरिझावा राक्षसास मारणारें साधन शोधितो. परंतु तें पुढें दुष्टांच्या हातीं पडूं नये म्हणून तो आपले कागद जाळतो आणि शेवटीं स्वतःचा प्राणहि देतो. प्रयोगशाळेंत पाऊल ठेवणाऱ्या आमच्या मुलामुलींनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. शोध लावणें ही बुद्धीची कसोटी खरी. पण त्याचा उपयोग कोणता होईल हा प्रश्न वेळींच विचारणें ही माणुसकीची कसोटी होय.