दिवाच खाली आणा
सभागृहाच्या छताजवळचा दिवा बदलताना 6 मीटरवरून माणूस पडला, तर सव्वा सेकंदाच्या आत तो ताशी सुमारे 39 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. सावरायला वेळच उरत नाही. म्हणून माणूस वर चढवण्यापेक्षा दिवाच खाली आणावा, असे मला ठामपणे वाटते. जुन्या झुंबरांना दोर आणि कप्पी असे, ती याचसाठी. आज ते काम विंच करते. मात्र दोर तुटला तरी दिवा अडकून राहावा म्हणून वेगळी साखळी हवीच, आणि हात लावण्याआधी वीज बंद. ‘एलईडी 50,000 तास टिकतो, मग हा खर्च कशाला?’ हा आक्षेप अर्धाच खरा. रोज 12 तासांनी अकरा वर्षे भरतात, पण छताखाली साचलेल्या उष्ण हवेत एलईडीच्या आधी बहुधा त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमधले कपॅसिटर सुकतात. विंच परवडत नसेल, तर निदान ड्रायव्हर तरी, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरात, हाताला येईल असा भिंतीवर बसवून घ्यावा.