तीन खांब, दहा फेऱ्या

संक्रांतीच्या आसपास नागपूरच्या गच्च्यांवरून पतंगबाजांच्या ‘ओ काट’चा गलका सुरू झाला, की रिमोटवर विमान उडवणाऱ्यानं आपलं विमान खोक्यातच ठेवलेलं बरं. मांजा डोळ्यांना दिसत नाही, आणि प्रोपेलरभोवती गुंडाळला गेला तर मोटर जागीच अडकते. एरवी डिसेंबर-जानेवारीची सकाळ या छंदासाठी सोन्यासारखी. वारा पडलेला, हवा दाट.

हा दाटपणा मोजता येतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या दुपारी इथली हवा थंडीतल्या 12 अंशांच्या सकाळपेक्षा जवळपास 10 टक्के विरळ असते. सरळ धावताना त्याचा फायदाच, कारण अडथळा कमी. पण वळताना पंखाला जो आधार लागतो, तोही तेवढाच कमी होतो. आणि शर्यतीच्या विमानाचं सगळं नशीब वळणावर ठरतं.

एफएआय या जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या ‘एफ3डी’ या शर्यतीच्या गटात मैदानावर तीन खांबांचा लांबट त्रिकोण आखतात. दोन खांब एकमेकांपासून 40 मीटरवर, तिसरा त्यांच्यापासून 180 मीटर लांब. एक फेरी 400 मीटरची, अशा 10 फेऱ्या. हे 4 किलोमीटर तरबेज स्पर्धक मिनिटभराच्या आत कापतात. खांबाच्या आतून वळलं, की दंड बसतो.

सरळ पट्ट्यात वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. म्हणजे सेकंदाला 83 मीटर! या वेगानं 25 मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर विमानावर त्याच्या वजनाच्या सुमारे 28 पट भार येतो. सव्वादोन किलोच्या विमानाचे पंख त्या क्षणी 63 किलो पेलत असतात. त्या इवल्याशा पंखांवर एक मोठा माणूस उभा आहे असं समजा.

म्हणून बांधणीत सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो तो पंखाला. जागतिक स्पर्धांतली विमानं काचतंतू आणि कार्बन वापरून साच्यात घडवतात. शिकणाऱ्याला मात्र मीटरभर पंखाचं, विजेच्या मोटरवर चालणारं बाल्साचं विमान पुरे. बाल्सा हे मुख्यतः इक्वेडोरहून येणारं लाकूड. इतकं हलकं आणि मऊ, की ब्लेडनं कापता येतं. टेबलावर जाड काच ठेवून तिच्यावरच पंखाच्या फासळ्या जोडाव्यात, कारण खालच्या फळीला किंचित बाक असला तरी तो पंखात उतरतो. पंखाला पीळ पडला, की विमान एका अंगाला ओढ घेतं. रिमोटवरच्या ‘ट्रिम’च्या बारीक जुळणीनं तो दोष हळू उडताना झाकता येतो, वेग वाढला की पुन्हा डोकं वर काढतो.

मग तोल. पंख पुढून मागे 200 मिलिमीटर रुंद असेल, तर पुढच्या कडेपासून 50 ते 60 मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खूण करायची आणि तिथेच बोटांची टोकं लावून विमान अलगद उचलायचं. नाक किंचित झुकलं तर ठीक. शेपूट खाली गेलं, तर बॅटरी पुढे सरकवायची. शेपूटजड विमान नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरच्या जराशा इशाऱ्यानंही उसळतं आणि ते सावरायला नवख्याला वेळच मिळत नाही.

उडवताना सगळ्यात जास्त चकवते ती दिशा. विमान दूर जात असताना रिमोटची काडी उजवीकडे, तर वळण उजवीकडे. ते समोरून येऊ लागलं, की डावं-उजवं उलटं होतं. जुने हात यावर सोपी युक्ती सांगतात: जो पंख खाली झुकलेला दिसेल, काडी त्याच बाजूला सरकवायची. पंख वर येतो. शर्यतीत 180 मीटरवरचा खांब ओलांडला की नाही, हे उडवणाऱ्याला आपल्या जागेवरून नेमकं कळत नाही, म्हणून शेजारी मदतनीस उभा असतो. ‘वळ’ म्हणायला त्याला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर विमान 40 मीटर पुढे गेलेलं असतं.

नागपूरचं विमानांशी नातं जुनं आहे. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. एनसीसीची 2 महाराष्ट्र एअर स्क्वाड्रनही नागपूरचीच. एनसीसीच्या हवाई शाखेच्या प्रशिक्षणात एरोमॉडेलिंग असल्यामुळे शाळा-कॉलेजच्या वयातच मुलांना बाल्सा हाताळायला मिळतं. अशा शहरात उडवायला मोकळं आकाश मात्र जवळ नाही. ड्रोन नियम, 2021 नुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही, आणि 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांची मर्यादा आहे. सोनेगावचा विमानतळ शहराला इतका लागून आहे, की शहराच्या मध्यावरची सीताबर्डीसुद्धा त्या 8 किलोमीटरांत येते. तेव्हा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहूनच गाडी बाहेर काढायची.

मैदान मिळतं ते शहराबाहेर, शेतांच्या कडेला. डिसेंबरात तिथे तूर माणसाएवढी उंच झालेली असते. नवख्यानं वळताना काडी फार ओढली, की एका पंखावरचा हवेचा प्रवाह तुटतो, तो पंख कोसळतो आणि विमान गिरकी घेत तुरीत दिसेनासं होतं. अशा वेळी धावत सुटायचं नाही. एकानं विमान पडलं त्या दिशेला बोट रोखून जागेवर उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याच रेषेत चालत जायचं. बराच वेळ हुकूम मिळाला नाही, की मोटरचे कित्येक कंट्रोलर बीप-बीप करू लागतात. मग सगळे बोलणं थांबवून, तुरीच्या ओळींत कान देऊन उभे राहतात.