‘खुनाच्या आठवणी’ : एक कोरियन चित्रपट आणि त्यामागील खटला

रहस्यपटाची रूढ रचना सर्वपरिचित आहे. गुन्हा घडतो, शोध सुरू होतो, संशय एकामागून एक अनेकांवर जाऊन शेवटी एका चेहऱ्यावर स्थिरावतो, आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी परततो. बोंग जून-हो ह्या दक्षिण कोरियाच्या दिग्दर्शकाने २००३ साली ‘खुनाच्या आठवणी’ हा चित्रपट काढला तेव्हा ही निश्चिंतता देणे त्याच्या हाती नव्हते. कारण ज्या सत्य प्रकरणावर ही कथा आधारलेली आहे, त्यातील गुन्हेगार त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हता. तो पुढे २०१९ साली सापडला. तेव्हा चित्रपटाचे जे मूल्यमापन एकदा होऊन गेले होते ते पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम प्रकरणाविषयी थोडेसे. सेऊल शहराच्या दक्षिणेस ह्वासॉंग नावाचा, त्या काळी भातशेतीचा असा परिसर आहे. तेथे सप्टेंबर १९८६ ते एप्रिल १९९१ ह्या अवधीत दहा स्त्रियांचे खून झाले. बळी पडलेल्यांत शाळकरी मुलीही होत्या आणि सत्तरी ओलांडलेली वृद्धाही होती. पोलिसांनी सुमारे २१,००० जणांची चौकशी केली आणि वीस लाखांहून अधिक मनुष्यदिवसांचे श्रम त्यावर खर्ची पडले. तरीही हाती काही लागले नाही. खुनाचा खटला पंधरा वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे असा त्या वेळचा कायदा होता, त्यामुळे एप्रिल २००६ मध्ये दहाव्या खुनाचीही मुदत संपली.

ह्या विषयावर किम ग्वांग-रिम ह्यांचे नाटक १९९६ साली रंगभूमीवर आले होते. बोंग ह्यांनी त्याचा आधार घेतला. त्यांनी मध्यभागी दोन पोलीस अधिकारी ठेवले आहेत. गावचा पार्क दू-मान (ही भूमिका सोंग कांग-हो ह्यांनी केली आहे) नुसत्या नजरेने गुन्हेगार ओळखतो असा त्याचा स्वतःविषयी समज. सेऊलहून आलेला सो ते-यून मात्र कागदपत्रांवर भिस्त ठेवणारा. कागद खोटे बोलत नाहीत अशी त्याची श्रद्धा. एक मतिमंद तरुण पकडला जातो. त्याला मारहाण होते, कबुलीजबाब पढविला जातो, आणि त्याच्या बुटाचा ठसा घटनास्थळी मागाहून उमटविला जातो. खऱ्या पुराव्यावरून ट्रॅक्टर निघून जातो ते वेगळेच. हे सारे दिग्दर्शकाने अशा काही विनोदी ढंगाने रंगविले आहे की प्रेक्षक हसतो, आणि आपण कशाला हसलो हे त्याच्या ध्यानात उशिरा येते. पार्श्वभूमीला चुन दू-ह्वान ह्यांची लष्करी राजवट आहे. खुनाची शक्यता दिसत असलेल्या रात्री गस्तीसाठी शिपाई मागावेत, तर ते सारे निदर्शने दडपण्यास गेलेले असतात.

चित्रपटाचा खरा प्रभाव उत्तरार्धात आहे. कारखान्यात काम करणारा, मऊ हातांचा एक तरुण तिसरा संशयित म्हणून पुढे येतो, आणि प्रेक्षकाची खात्री पटते. अमेरिकेहून आलेला डी.एन.ए. चाचणीचा अहवाल त्याच्याविरुद्ध जात नाही. तरी कागदावर श्रद्धा असलेला सो ते-यूनच रेल्वेच्या बोगद्यापाशी त्याच्यावर पिस्तूल रोखतो. त्या क्षणी त्याने चाप ओढावा असे प्रेक्षकालाही वाटत असते. पोलिसांच्या ज्या वृत्तीला तासाभरापूर्वी आपण हसलो तीच आपल्या ठायी जागी झाली, हा अनुभव माझ्या मते ह्या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश होय. छायाचित्रण किंवा पावसाच्या दृश्यांची जी स्तुती सर्वत्र होते ती रास्तच आहे, पण ती दुय्यम.

आता खटल्याकडे वळू. जपून ठेवलेल्या वस्तूंची नव्याने डी.एन.ए. तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ली छुन-जे ह्या इसमाचे नाव पुढे आले. तो मेहुणीच्या १९९४ मधील खुनाबद्दल बुसानच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. त्याने एकंदर चौदा खून केल्याचे कबूल केले. मुदत संपल्यामुळे ह्वासॉंगच्या खुनांसाठी त्याच्यावर खटला भरणे मात्र शक्य नव्हते. तपासाच्या काळातच पोलिसांनी त्याची चौकशी केली होती. मग तो सुटला कसा? खुनी ‘बी’ रक्तगटाचा आहे असा पोलिसांचा समज झालेला होता, आणि ह्याचा गट ‘ओ’ निघाला.

येथे चित्रपटाची एक मर्यादा स्पष्ट होते. अंतर्ज्ञान आणि मारहाण एका बाजूस, शास्त्रीय पुरावा दुसऱ्या बाजूस, आणि तो पुरावा दुर्दैवाने अपुरा पडला, अशी त्याची मांडणी आहे. प्रत्यक्षात शास्त्राच्या नावाखाली खरा खुनी सोडला गेला होता. इतकेच नव्हे, तर एक निरपराध पकडलाही गेला होता. १९८८ मधील आठवा खून हा अन्य कोणी केलेले अनुकरण आहे असे ठरवून पोलिओने अधू झालेल्या एका तरुण कामगारास १९८९ साली अटक झाली. त्याला झोपू न देता कबुलीजबाब घेण्यात आला आणि घटनास्थळी सापडलेल्या केसांच्या किरणोत्सारी पृथक्करणाचा अहवाल त्याच्या जोडीस ठेवण्यात आला. म्हणजे मारहाण आणि प्रयोगशाळा ह्यांत विरोध नव्हता, संगनमत होते. जन्मठेप झालेला हा मनुष्य वीस वर्षांनी, २००९ साली, पॅरोलवर बाहेर आला.

चित्रपटात ह्या माणसाची छाया कोठेही नाही. बोंग ह्यांनी पोलिसांच्या प्रत्येक कृतीवर संशय घेतला. पोलिसांनी ‘सुटले’ म्हणून बाजूस ठेवलेल्या एकाच प्रकरणावर तेवढा घेतला नाही. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण न्यायालयाचा निकाल समोर असता २००३ मध्ये तसा संशय घेण्यास कारणही नव्हते. तरीपण प्रेक्षागृहांत हा चित्रपट गर्दी खेचीत होता तेव्हा तो मनुष्य कारावासाचे चौदावे वर्ष कंठीत होता, हे आज चित्रपट पाहताना विसरता येत नाही.

चित्रपटाच्या शेवटी नोकरी सोडलेला पार्क पहिल्या प्रेताच्या जागी परत येतो आणि सरळ पडद्याबाहेर, प्रेक्षकाकडे पाहतो. खुनी हा चित्रपट पाहावयास येईल आणि त्याची नजर ह्या नजरेस भिडेल, अशी दिग्दर्शकाची कल्पना होती. आठव्या प्रकरणाच्या फेरसुनावणीत नोव्हेंबर २०२० मध्ये ली छुन-जे साक्षीस उभा राहिला. चित्रपट आपण तुरुंगात पाहिला, पण विशेष काही वाटले नाही, असे त्याने सांगितले. १७ डिसेंबर २०२० रोजी सुवॉन येथील न्यायालयाने त्या अधू कामगारास निर्दोष ठरविले आणि न्यायसंस्थेच्या वतीने त्याची क्षमा मागितली.