दामदुप्पट

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात धान्याच्या उसनवारीला मोठा कडू इतिहास आहे. ज्येष्ठ-आषाढात कणगी तळाला जायची. पेरायला बी नाही आणि पेरले तरी पिकेपर्यंत खायला काही नाही, अशा वेळी सावकाराच्या ओट्यावर जाण्यावाचून इलाज नसे. तिथून नेलेले भात सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडायचे. नाही फिटले तर ते पुढच्या सालावर चढायचे, चढता चढता दामदुप्पट व्हायचे आणि एक दिवस खाचरच गिळायचे. याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे सावकारांविरुद्ध आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या इंग्रजी सत्तेविरुद्ध उठले, त्यामागे हे कर्ज होते. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली.

त्याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावी आज एक बँक चालते आणि तीही दामदुप्पट घेते. एक किलो बी न्यायचे, सुगी झाली की दोन किलो आणून द्यायचे. या दामदुप्पटीने मात्र कुणाचे घर बसत नाही. भाताचा एक दाणा रोप होतो, रोपाला फुटवे येतात, प्रत्येक फुटव्याला लोंबी लागते. किलोभर बियाण्यातून जे पिकते त्यातले दोन किलो म्हणजे पसाभर धान्य. परत आलेल्या दोनातला एक किलो दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात जातो आणि एक शिलकीत राहतो. पाऊस दगा देऊन एखाद्याचे पीक गेलेच, तरी वाण बुडू नये म्हणून ही शिल्लक. सावकाराच्या दामदुप्पटीत जमीन एका हातात गोळा होत गेली, या दामदुप्पटीत बी हातोहात पसरत जाते. हिशेब तोच, त्याची दिशा तेवढी उलटी.

ही बँक राहीबाई पोपेरे यांची. त्यांचे नाव आता महाराष्ट्राला नवे नाही. महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंनी घरातली मुले आजारी पडू लागली तेव्हा ताटातल्या अन्नाचा विचार सुरू केला आणि तो त्यांना बियाण्यापर्यंत घेऊन गेला. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला सुरू केलेल्या ‘बाएफ’ संस्थेची साथ त्यांना मिळाली. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका जोडल्या गेल्या. आज त्यांच्याकडे भात, वाल, घेवडे, नाचणी, वरई, वेलभाज्या, पालेभाज्या असे शंभराहून अधिक वाण आहेत. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांना स्थान दिले. २०२०ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात प्रदान झाली.

डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. त्यामागचा आदर खरा आहे. तरीही त्या नावाची मला थोडी धास्ती वाटते. ‘माता’ म्हटले की लोक हात जोडतात, हारतुरे देतात आणि ती जे करते त्याला माया म्हणून मोकळे होतात. राहीबाई आणि त्यांच्यासारख्या शेकडो बायका जे करतात ते मायेच्या भरवशावर होत नाही. त्याला डोळा लागतो, स्मरण लागते आणि वर्षानुवर्षांची शिस्त लागते. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर हेच काम करणाऱ्याला आपण पैदासकार म्हणतो.

भाताचे बी धरायचे ते खळ्यावर रास पडल्यावर नव्हे. पीक उभे असतानाच शेतात फिरावे लागते. एखादे रोप इतरांपेक्षा उंच आहे, एखादी लोंबी आधी पिकली आहे, एखाद्या दाण्याला कुसळ आहे, ही भेसळ ओळखून उपटून टाकायची. बांधाकडेची रोपे सोडायची, कारण शेजारच्या वाणाची सरमिसळ तिथे आधी होते. मधल्या भागातल्या ठसठशीत, भरलेल्या, रोग नसलेल्या लोंब्या खुडायच्या आणि वेगळ्या झोडायच्या. भात आणि घेवडा बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतात, म्हणून त्यांचे वाण शुद्ध ठेवणे तुलनेने सोपे. मका, बाजरी, भोपळा, काकडी यांचे तसे नाही. तिथे वाऱ्याने किंवा मधमाशीने परागकण कुठून आणले ते कळत नाही. दोन वाणांत अंतर ठेवावे लागते, नाही तर पेरणीच मागेपुढे करावी लागते. हे सगळे या बायकांना ठाऊक असते.

मग साठवण. बी उन्हात कडकडीत वाळवून राखेत घोळवायचे. राख ओल शोषते, दाण्यांमधल्या फटी भरून टाकते आणि किड्याला हिंडायला जागा ठेवत नाही. निंबाचा पाला घालून मडक्याचे किंवा कणगीचे तोंड शेणमातीने लिंपायचे. मक्याची कणसे सोलपटासकट वेणीसारखी गुंफून चुलीवरच्या आढ्याला टांगायची, म्हणजे रोजचा धूर त्यांची राखण करतो. वाळलेल्या दुधी भोपळ्याचा तुंबा झाला तर तीच डबी. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून त्यातले किती उगवले ते मोजायचे, ही कृषी विभाग दर उन्हाळ्यात सांगतो ती उगवणीची चाचणी. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत आपण धान्य पेरतो आणि नवव्या दिवशी कोंब किती वर आले ते पाहतो. रब्बीच्या तोंडावर घरातले बी पारखण्याची सोय त्या पूजेत असावी असे अनेक जण मानतात, आणि मलाही ते पटते.

इतके वाण हवेत कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर अकोल्याच्या भूगोलात आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या कुशीतल्या घाटघर-रतनवाडीकडे पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेला जावे तसा तो उतरत उतरत अगदी बेताचा होतो. एकाच गावात उताराची हलकी, पाणी न धरणारी जमीन असते आणि ओढ्याकाठचे पाणथळ खाचरही असते. उतारावर लवकर पिकणारे हळवे भात लावायचे, मध्यावर निमगरवे आणि पाणी टिकते तिथे गरवे. भाताची सोयच नाही अशा वरकस जमिनीवर नाचणी, वरई, खुरासणी. पाऊस लवकर गेला तर हळवे हाती लागते, लांबला तर गरवे साधते. काळभात, रायभोग, जिरवेल, आंबेमोहोर ही नुसती गोड नावे नाहीत. कुठला सुवासासाठी, कुठला पेजेसाठी, कुठला जनावरांना लांब पेंढा मिळावा म्हणून, अशी एकेकाची नेमणूक ठरलेली होती. पीकविमा कागदावर येण्याच्या कितीतरी आधीचा हा विमा, आणि त्याचा हप्ता म्हणजे डोळसपणे धरलेले बी.

मग हे तुटले कुठे? देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ साली आला. ‘हायब्रीड’ हा शब्द तेव्हापासून खेड्यापाड्यांत रुळला. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत या बियाण्याने पोटे भरली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र संकरित बियाण्याचा एक गुण शेतकऱ्याचे घर बदलून गेला. दोन वेगळ्या वाणांच्या संकराचा जोम पहिल्या पिढीत दिसतो. त्याच पिकाचे बी धरून पुन्हा पेरले की पुढच्या पिढीत गुण फुटतात, एक रोप उंच तर एक बुटके, एक लवकर तर एक उशिरा. म्हणजे बी दरवर्षी विकत घेणे आले. ज्या घरात बी धरायचे कारण उरले नाही, त्या घरात पुढच्या पिढीला ते धरायला शिकवायचेही कारण उरले नाही. वाण गेले, आणि त्याआधी ते ओळखणारा डोळा गेला.

डोळा काय करू शकतो याचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेले, दीड एकराचे धनी. १९८३ साली ‘पटेल-३’ या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या साली वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांनी त्यातून बारीक दाण्याचा, चवीचा तांदूळ उभा राहिला. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला ‘एचएमटी’ म्हणू लागले आणि तो पाच-सहा राज्यांत पोचला. दादाजींनी पुढे नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके असे आणखी वाण काढले. ज्या तांदळावर गिरण्या चालल्या, व्यापार उभा राहिला, त्यातले फारच थोडे त्यांच्या झोपडीपर्यंत आले. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा उपचारांसाठीही मदत गोळा करावी लागली होती. मराठी घरांत एचएमटी आजही शिजतो. तो ज्यांनी दिला त्यांचे नाव किती घरांना माहीत आहे?

सरकारने काहीच केले नाही असे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत चार लाखांहून अधिक नमुने शून्याखाली १८ ते २० अंश तापमानात जपलेले आहेत. महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पुढाकाराने २०१४पासून जनुक कोशाचे काम झाले, आणि त्या अनुभवावर राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये १७२ कोटी रुपयांचा ‘महाराष्ट्र जनुक कोश’ मंजूर केला. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. अकोल्याबरोबर जव्हारचे भात, धडगावचा मका आणि ज्वारी यांवर बाएफने जे काम केले त्याचा या विचाराला मोठा आधार होता. शीतगृहातले बी हवेच, कारण आगीपुरात तेच वाचते. पण शीतगृहात बी थांबलेले असते. गेल्या तीस वर्षांत पावसाने जे रंग बदलले, जी नवी कीड आली, त्याची त्या दाण्याला खबर नसते. दर साली शेतात उतरणारे बी त्या बदलांतून गाळून निघते.

तेलंगणात, आपल्या उदगीरपासून फार दूर नसलेल्या जहिराबाद परिसरात, हे फार आधी ओळखले गेले. १९८३मध्ये सुरू झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका संक्रांतीला सजवलेल्या बैलगाड्यांत जुन्या पिकांचे बी भरून निघतात आणि महिनाभर गावोगाव हिंडतात. जुन्या पिकांची जत्राच ती. नागपूरला भरणाऱ्या बीजोत्सवातही बी हातातून हातात जाते आणि सोबत ते कसे लावायचे, कसे शिजवायचे हेही जाते.

शिजवणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. गावठी भाताचे उतारे बहुधा सुधारित वाणांपेक्षा कमी पडतात. ज्याला बाजारात विकून कर्ज फेडायचे आहे, त्याने केवळ वारशासाठी ते लावावे असे शहरात बसून सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. तो वाण टिकेल तर त्याला पुरेसा दर मिळाला म्हणून आणि कुणी तरी तो मागून खाल्ला म्हणून. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला, आजऱ्याच्या घनसाळला, मुळशीच्या आंबेमोहोरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा ग्राहक पोत्यावरचे नाव वाचून विचारतो की हा खरोखर मुळशीचा आहे का. नुसत्या वासावर दुसरेच तांदूळ आंबेमोहोर म्हणून खपतात, हे प्रत्येक वाणी जाणतो.

माझ्या आजीच्या परसात जांभळ्या कडेच्या शेंगांचा एक घेवडा होता. मांडवावर चढायचा आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घराला पुरायचा. कोवळ्या शेंगांची भाजी, निबर झाल्या की दाण्यांची उसळ. वेलीवरच्या पहिल्या बहरातल्या चार-सहा शेंगांना ती चिंधी बांधून ठेवी, त्यांना कुणी हात लावायचा नाही, त्या बियांच्या. आजी गेली त्या पावसाळ्यात फडताळातली ती पुरचुंडी कुणालाच आठवली नाही. सापडली तेव्हा दाण्यांना भोके पडून नुसते पीठ उरले होते. त्या घेवड्याचे नावही आम्ही कधी विचारले नव्हते. आमच्यासाठी तो ‘आजीचा घेवडा’ होता. तसा घेवडा मी बाजारात आणि नातेवाइकांच्या परसात शोधत आलो आहे, अजून मिळालेला नाही.

बी धरणे आणि वाटणे याला कायद्याचाही भक्कम आधार आहे. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ने शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, देण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पिशवीतून विकता येत नाही, एवढीच अट. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. आपल्या गावची वही एकदा उघडून पाहा. तिच्यात तुमच्या आजीच्या घेवड्याचे नाव आहे का, हे तुम्हीच तपासू शकता.

दिवाळीच्या तोंडावर सह्याद्रीच्या खाचरांत हळवे भात कापून झालेले असते, गरवे पिवळे पडत असते आणि परसातल्या वालाला पहिला बहर आलेला असतो. बियांच्या शेंगा राखायचे दिवस हेच. दिवाळीला गावी जाल तेव्हा काकू, मावशी, आत्या, शेजारची म्हातारी, जिच्या मांडवावर वेल दिसेल तिला त्या वेलाचे नाव विचारा, ते वहीत लिहा आणि निघताना मूठभर बी मागून घ्या. जागा नसेल तर कुंडीत लावा, नाही तर ज्याच्याकडे जागा आहे त्याला द्या. आणि पुढच्या दिवाळीला त्याच दारात जाऊन दोन मुठी परत करा.