पस्तीसचे त्रेपन्न का होतात?



"पस्तीस लिही" म्हटलं की मूल वहीत ५३ लिहितं, आणि आपल्या तोंडून निघून जातं, "किती वेळा सांगायचं तुला?" असं दोन-चारदा झालं की मुलाला वाटू लागतं, आपल्याला गणित येतच नाही. ही भीती एकदा बसली की सहजासहजी जात नाही. म्हणून आज या चुकीबद्दल बोलू या.

पस्तीस हा शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. आधी 'पस्', म्हणजे पाच, ऐकू येतो आणि मग तीस. मूल ऐकलं त्याच क्रमानं लिहितं. म्हणजे त्याचं लक्ष नाही असं नाही, उलट ते कान देऊन ऐकतंय. एकोणतीस तर त्याहून अवघड. कानावर तीस पडतो, लिहायचे मात्र २९. कारण 'एकोण' म्हणजे एक कमी.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तीस पाच' अशीही वाचनाची रीत दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की, यामुळे मुलांना संख्या समजायला सोपी जाईल. आपल्याला वादात पडायचं नाही. बाजारात पस्तीसच म्हणतात, तो शब्द हवाच. घरी दोन्ही म्हणा, "तीस आणि पाच, पस्तीस."

आता खेळ. पहिला, जुड्यांचा. खराट्याच्या काड्या सारख्या तोडून घ्या. दहा काड्या झाल्या की त्यांना रबर लावून एक जुडी करायची. "मला पस्तीस दे" म्हटलं की मूल तीन जुड्या आणि पाच सुट्या काड्या देईल. मग तेच लिहायला सांगा. बत्तीसातून पाच काढायचे झाले तर सुट्या काड्या पुरत नाहीत, एक जुडी सोडावी लागते. शाळेतला 'हातचा' म्हणजे हेच. हातानं एकदा जुडी सोडली की तो पाठ करावा लागत नाही.

दुसरा खेळ चिंचोक्यांचा. दहा चिंचोके मोजून घ्या. काही मुठीत लपवा, उरलेले समोर ठेवा. "समोर सहा आहेत, मुठीत किती?" मूल सांगेल, मग मूठ उघडायची. नंतर त्यानं लपवायचे, तुम्ही ओळखायचे. मधूनच मुद्दाम चुका. तुमची चूक धरताना ते दुप्पट मन लावून मोजतं. घरात अगदी लहान बाळ असेल तर मात्र चिंचोके खेळानंतर लगेच उचलून ठेवा, बाळं ते तोंडात घालतात.

तिसरा खेळ स्वयंपाकघरातला. आपल्या जळगावात केळ्यांना तोटा नाही. डझनभर केळी आणली की विचारा, "चौघांनी एकेक खाल्लं, उरली किती? सगळ्यांना सारखी वाटली तर प्रत्येकाला किती?" इथं वजाबाकी आणि भागाकार दोन्ही आले, वही न उघडता.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो. तेव्हा मुलाच्या हातात दहाच्या तीन नोटा आणि एकेकाची पाच नाणी द्या. काय घेतलं, किती उरले, हिशोब त्यालाच करू द्या.

एक पथ्य पाळा. चुकलं की "चूक" म्हणू नका, "कसं मोजलंस, दाखव बरं" म्हणा. दाखवताना पुष्कळदा मुलाला आपणहूनच चूक सापडते. शेजारच्या मुलाशी तुलना नको. रोज दहा मिनिटं पुरेत, आणि मूल कंटाळायच्या आधी खेळ थांबवा, म्हणजे उद्या तेच म्हणेल, "आई, काड्या काढ ना!"